सव्वा महिन्याची मुदत

केरबा लोखंडेने वहाणा काढल्या, बांधावर जोडीने लावून ठेवल्या आणि मला विचारलं, “सायेब, चुना टाकायच्या आधी मी एकदा चालून घिऊ का?”

मला वाटलं, म्हातारा आडोशाला जायचं म्हणतोय. मी म्हणालो, चाला की. माझ्या मोजणीच्या टेबलाभोवती पंचवीसेक माणसं मघापासून कलकलत उभी होती, ती मात्र एकदम गप्प झाली. कुणीतरी विडी पायाखाली चुरडली. मोजणीच्या साखळीचं एक टोक धरून उभा असलेला तातोबा कोतवाल माझ्या कानाशी येऊन म्हणाला की, साहेब, नाही म्हणा. का, म्हणून विचारलं तर नुसतीच मान हलवली. तातोबाला मान हलवायची सवयच होती. तलाठी आला तरी हलवायचा, टपाल आलं तरी हलवायचा. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मला तेव्हा भूकरमापक म्हणून लागून बावीस महिने झाले होते. आणखी दोन महिने निभावले की नोकरी कायम होणार होती. बावीस महिन्यांत मी नकाशापेक्षा माणसं जास्त वाचायला शिकलो होतो, निदान तसा माझा समज होता. मोजणीच्या दिवशी जो आरडाओरडा करतो त्याचं बहुधा खरं असतं, जो कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून बसतो त्याच्या पिशवीत काही नसतं, आणि जो मोजणीवाल्यासाठी खुर्ची मागवतो त्याच्यावर नजर ठेवावी, असे माझे ठोकताळे होते. सोनघळला हिंदूराव ताकवणे यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली होती. गादीची. मी तिच्यात बसलो होतो.

अर्ज त्यांचाच होता. त्यांचा ऊस आणि केरबाची जिराईत जमीन यांच्यामधला बांध ओढ्यापर्यंत उतरत जायचा, आणि बांधाचं टोक जिथे ओढ्याला टेकतं तिथे बारमाही पाण्याचा डोह होता. बांध इकडे धरला तर डोह हिंदूरावांचा, तिकडे धरला तर केरबाचा. बाकी सगळं बोलणं हे डोहावर घातलेलं पांघरूण होतं. हिंदूराव सकाळपासून एकच वाक्य बोलत होते, की सरकारची साखळी जे म्हणेल ते आपल्याला मान्य, एक बोट इकडे नको की तिकडे नको.

केरबाने त्यावर वाद घातला नाही. तो भैरोबाच्या देवळाकडे गेला, ओंजळभर माती घेऊन आला, ती त्याने पटक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी धरली आणि बांधाच्या वरच्या टोकाच्या दगडापासून अनवाणी खाली चालायला लागला. साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस. पायाखाली बघत नव्हता. ढेकळातून, काट्यातून सरळ चालला आणि ओढ्याच्या काठावर थांबला. हिंदूरावांनी मला सकाळी दाखवलेला हद्दीचा दगड त्याच्या उजव्या हाताला, बऱ्याच अंतरावर राहिला होता. केरबाने डोक्यावरची माती पायाशी ठेवली, हात झटकले आणि म्हणाला, “हितं हाय.”

मग मी माझं काम केलं. माझ्या टेबलावरच्या रेषेप्रमाणे चुन्याची फक्की टाकत गेलो. वरच्या टोकाला त्याची वाट आणि माझी रेषा एकच होती. खाली येता येता दोन्ही फाकत गेल्या आणि ओढ्यावर त्यांच्यात चौदा फुटांचं अंतर पडलं. माणसं काठावर येऊन आळीपाळीने दोन्हीकडे बघायला लागली, एकदा पावलांकडे, एकदा चुन्याकडे.  हिंदूरावांनी तेवढं माझ्याकडे बघून हात जोडले.

परतताना तातोबाने मला खुलासा केला. भैरोबाची माती डोक्यावर घेऊन जो हद्द चालतो तो शपथेवर चालतो. खोटा चालला असेल तर देव त्याला सव्वा महिन्याच्या आत नेतो. सव्वा महिना जगला तर त्याचं खरं, मग कागद काहीही म्हणोत. तातोबाच्या आज्याच्या वेळी एक जण असा चालला होता, तो अठराव्या दिवशी गेला. मी हसून विचारलं, कशाने गेला? तातोबा म्हणाला की ते कुणी विचारलं नाही.

तारीख मात्र त्याने पक्की धरली होती. चालला त्या मंगळवारचा पहिला दिवस. अडतिसावा भरला की मुदत संपली. आमच्या कचेरीत तरी मुदती इतक्या चोख कोण पाळत होतं?

तातोबा दर आठवड्याला टपाल न्यायला तालुक्याला यायचा, त्याच्याकडून मला गावचं कळत राहिलं. केरबाचं पीठ गिरणीवाल्याने दळून दिलं नाही, सांगितलं पट्टा तुटलाय. न्हाव्याने दाढीला नकार दिला नाही, पण वस्तरा सापडेना. रस्त्याने केरबा आला की माणसं बाजूला होऊन उभी राहायची, तिरडी जाताना राहतात तशी. आणि हिंदूराव रोज सकाळी माणूस पाठवून केरबाची तब्येत विचारत होते.

“रोज?” मी विचारलं.

“रोज. काल तर हिंदूराव आबा सोता आलं हुतं. म्हनाले, केरबा, जेवतोस ना वेळेवर?”

बाविसाव्या दिवशी केरबाच कचेरीत आला. अकरा मैल चालत आला होता. मी बाकावर बसा म्हणालो तर दाराशी उकिडवा बसला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, पण आवाज तसाच, ढेकळं फोडणाऱ्या माणसाचा. एस.टी.ने का नाही आलात, असं विचारलं तर म्हणाला की एस.टी.त शेजारी कुणी बसत नाही, कंडक्टरला उगाच तोटा.

मग म्हणाला, “सायेब, माझ्या हिरीपासनं मोजून बघितलं का?”

विहीर त्याच्या रानात होती, आज्याने खणलेली. मी म्हटलं, विहिरीचा काय संबंध?

“धोंडा कुनीबी हलवतो. हिरीला कोन हलवनार?”

मी फाइल चाळल्यासारखं केलं. तो म्हणाला, त्याच्या बापाने सांगितलं होतं की विहिरीच्या थारोळ्यापासून, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या कुंडापासून, शिवेचा दगड चार साखळ्या. बरोबर चार.

मी बघतो म्हणालो. तरी तो उठला नाही.

“मला जगायची काय लई हौस न्हाई,” तो म्हणाला. “बायकू गेली, लेक तिच्या घरी सुखात हाय. पन सव्वा म्हयना तरी जगाय पायजे. त्याच्या आत मेलो तर खोटा ठरंन. आन हे हिंदूरावालाबी ठावं हाय.”

“म्हणजे काय?”

“म्हंजे तुमी गावात यावा. चावडीम्होरं हुबं ऱ्हावा आन यवढंच म्हना, मोजनी अजून पक्की न्हाई. बास. दगड माझा म्हनू नगा, त्यांचा म्हनू नगा. पक्की न्हाई म्हना. मग माझ्या मरन्यानं कुनाचं काय भलं व्हनार न्हाई.”

मी त्याला सांगितलं की असं तोंडी बोलता येत नसतं, सरकारी काम आहे, जे काय व्हायचं ते रीतसर नोटिशीने होईल. त्याने “नोटिशीनं” हा शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग उठला आणि निघून गेला.

तो गेल्यावर मी रेकॉर्डमधून जुनं टिपण काढलं. इंग्रज अमदानीतलं, कडा खाल्लेलं, पण आकडे स्वच्छ. विहिरीपासून दगड: चार साखळ्या. मग माझा मोजणीचा कागद काढला. नकाशात विहीर दाखवावी लागते म्हणून मीही ते अंतर मोजलं होतं आणि विसरलो होतो. चार साखळ्यांना चौदा फूट कमी.

आता चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती माझ्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. दोन दगड धरून रेषा ओढायची, मग तिसऱ्या दगडापर्यंत साखळी नेऊन पडताळा घ्यायचा, असा नियम आहे. दोनातला एक दगड हललेला असला तर तिसरा चुगली करतो. इथे तिसरा दगड हिंदूरावांच्या उसात होता. ऊस डोक्यावर गेलेला, पाती हात कापत होती आणि बांधावर पानं मांडून झाली होती. हिंदूराव म्हणाले, आहे हो दगड आत, जेवून घ्या. मी जेवायला बसण्याआधी जुन्या टिपणातलं तिसऱ्या दगडाचं अंतर माझ्या कागदावर उतरून घेतलं, मोजल्यासारखं. त्यामुळे पडताळा इंचाइंचाने जुळला. न मोजलेल्या गोष्टी नेहमीच फार छान जुळतात.

त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो. दोन्हीदा परत आलो. खरं सांगितलं असतं तर खोटी नोंद म्हणून नोकरी गेली असती, आणि चावडीसमोर उभं राहून “पक्की नाही” म्हणालो असतो तर हिंदूरावांनी दुसऱ्याच दिवशी वर अर्ज करून का पक्की नाही ते विचारलं असतं. म्हणून मी तिसरी वाट काढली. तिचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवतो. फेरमोजणीची नोटीस काढायची. कारण: तांत्रिक. नोटिशीला पंधरा दिवसांची मुदत द्यावीच लागते. मी कॅलेंडर पुढे घेतलं आणि मोजून चाळिसावा दिवस धरला. अडतिसावा दिवस जाईल, केरबा जिवंत असेल, गावाची खात्री पटलेली असेल की म्हाताऱ्याचंच खरं, मग मी जाऊन चौदा फूट सरकवीन तेव्हा कुणी मला कारण विचारणार नाही. देवाने चूक काढली, मी दुरुस्त केली. माझ्या नावावर काहीच लागणार नव्हतं.

दोन प्रती केल्या. एक अर्जदाराला, एक लगतच्या कब्जेदाराला, म्हणजे केरबाला. दोन्ही तातोबाकडे दिल्या. त्याने तारीख वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि या वेळी मान हलवली नाही. म्हणाला, “सायेब, ही तारीख अलीकडची करता येती का? उद्या-परवाची?”

मी नियम सांगितला.

“मग नोटीस नगा धाडू. तसंच या.”

तेही नियमात बसत नसल्याचं मी सांगितलं.  शेवटी तो दोन्ही कागद टोपीत घालून गेला.

चाळिसाव्या दिवशी सकाळी साडेआठला मी सोनघळच्या फाट्यावर उतरलो. टेबल, तिपाई, साखळी घ्यायला तातोबा आला होता. त्याने ओझं उचललं आणि चालता चालता सांगितलं की केरबा गेला. पस्तिसाव्या दिवशी. उसाच्या कडेला सापडला, सकाळच्या पारी. पान लागलं.

“साप? कुठं चावला?”

तातोबा म्हणाला, पायाला. पुढे वेशीत दोघं भेटले, त्यांना मी तेच विचारलं. एक म्हणाला मनगटाला, दुसरा म्हणाला मानेला. डॉक्टर आला होता का, पोलीस आले होते का, यावर तिघांचंही एकमत झालं, की देवाच्या कामात पोलीस कशाला.

मी तातोबाला बाजूला घेऊन विचारलं, नोटीस केरबाला मिळाली होती ना. तो जमिनीकडे बघत बोलला. आधी अर्जदाराकडे जायचं ही रीत, म्हणून तो हिंदूरावांच्या बंगल्यावर गेला. त्यांनी नोटीस दोनदा वाचली. तारीख मोठ्याने वाचली. मग म्हणाले, केरबाची प्रत ठेव इथंच, मी त्याच्याकडं रोज जातोच, हातोहात देईन.

“आणि तू ठेवलीस?”

“तुमी तारीख ठिवली, म्या कागद ठिवला,” तातोबा म्हणाला.

शेतात खुर्ची मांडलेली होती, गादीची. हिंदूराव उभे होते, पांढऱ्या कपड्यात, सुतकात असल्यासारखे. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. केरबाची प्रत. वर पोच नव्हती, सही नव्हती, अंगठा नव्हता. म्हणाले की द्यायला गेलो होतो, पण गाठ पडली नाही. मग आवाज उतरवून, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, “आपण आधी कळवलंत ते फार बरं केलंत, साहेब. नाहीतर आम्ही आपले सव्वा महिना संपायची वाट बघत बसलो असतो.”

मी खुर्चीत बसलो नाही. एवढं एक केलं. तातोबाला साखळी घ्यायला सांगितलं आणि विहिरीच्या थारोळ्यावर टोक धरायला लावलं. पंच म्हणून कुणी पुढे आलं नाही, सगळे लांबून बघत होते. एक साखळी, दोन, तीन, चार. चौथीचं टोक माझ्या चुन्याच्या पुसट रेषेपलीकडे चौदा फुटांवर पडलं. तिथे जमीन भुसभुशीत होती, कधीतरी उकरून बुजवलेली. तातोबाने ती पायाने चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि लगेच ओढ्याकडे बघायला लागला.

हिंदूराव जवळ आले. साखळी कुठे पडली ते त्यांनी बघितलं, पण त्यावर बोलले नाहीत. त्यांना एकच शंका होती. नोटिशीत तांत्रिक कारण असं लिहिलंय, तर चूक नेमकी कुणाची ते वर लेखी द्यावं लागत असेल ना? पहिल्या मोजणीला पडताळा घेतला होता असं कागदावर आहे. त्यांनी त्याची नक्कल काढून ठेवली होती. उसात त्या दिवशी कुणीच गेलं नव्हतं, हे सांगायला त्यांच्याकडे पाच माणसं होती. काळजीने विचारत होते. केरबाची तब्येतही ते असेच विचारत असणार.

मी तातोबाला साखळी गुंडाळायला सांगितलं.

तेवढ्यात वरच्या बांधावरून एक बाई खाली आली. तिशीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर पदर. ती केरबाची मुलगी आक्काताई, असं तातोबाने सांगितलं. तिने हिंदूरावांकडे बघितलं नाही. ती सरळ माझ्यासमोर आली. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडणाऱ्यांची मला सवय होती.

“सायेब, म्या जमिनीचं इचारत न्हाई,” ती म्हणाली. “जमीन ऱ्हाऊ द्या. बुदवारी आन्नांचं धावं हाय. भावकी म्हनती, खोटी माती डोईवर घेतलेल्या मानसाचं धावं गावच्या घाटावर हुत न्हाई, पिंडाला कुनी यायचं न्हाई. आन खरा आसंल तर समदं गाव यील. म्हनून तुमास्नी इचारती. तुमचा कागद काय म्हनतो?”

लांब उभी असलेली माणसं दोन पावलं पुढे आली. हिंदूराव मागे माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तातोबा साखळी गुंडाळायचा थांबला.

मी त्यानंतर एकतीस वर्षं मोजण्या केल्या. कायम झालो, बढत्या घेतल्या, निवृत्त झालो. कितीतरी बायांनी मला बांधावर अडवून प्रश्न विचारले आणि कुणालाही उत्तर द्यायला मला इतका थोडा वेळ लागला नाही.

“चुन्याची रेषा कायम आहे,” मी म्हणालो.

“म्हंजे आन्ना खोटं चाललं?”

“हो.”

तिने मान डोलावली. मला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. तिने बाजूला वळून जमलेल्या भावकीला, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बुधवारी घाटावर कुणी येऊ नका, मी माझ्या गावी करते. मग ती आली होती त्या बांधाने वर चढायला लागली, आणि हिंदूरावांनी मला विचारलं की पक्का दगड नेमका कुठे रोवायचा, ते एकदा हाताने दाखवाल का?

मी दाखवलं.